ना शेत, ना वस्ती

शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर किती घरं होऊ द्यायची, या प्रश्नाला सगळीकडे एक सोयीचं उत्तर तयार असतं: प्लॉट मोठे ठेवा. घरं विरळ राहतील, हिरवाई टिकेल, जमीनमालकालाही विकायला काहीतरी उरेल. कुणीच दुखावलं जात नाही, म्हणून हे उत्तर झटकन मंजूर होतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. गावाकडची जमीन टिकवायची असेल तर सगळ्यांत घातक आकार हा मधलाच आहे, शेत म्हणायला लहान आणि घराचं अंगण म्हणायला अवाढव्य. मी राहतो त्या मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने हा प्रयोग सात वर्षं करून पाहिला, त्यात हात पोळून घेतले आणि मग 1980 साली वेगळी वाट धरली.

ही काउंटी वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला लागून आहे, क्षेत्रफळ सुमारे 500 चौरस मैल. अमेरिकेत जमीन कशासाठी वापरायची याचे नियम बहुतेक ठिकाणी स्थानिक पातळीवरच ठरतात. इथे नियोजन मंडळ आराखडा तयार करतं आणि निवडून आलेलं काउंटी कौन्सिल तो मंजूर करतं. 1964 च्या मूळ आराखड्यात कल्पना चांगली होती: मोठ्या रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कडेने वस्ती वाढू द्यायची आणि मधले पाचरीसारखे पट्टे शेतीसाठी राखायचे. पण नकाशावर हिरवा रंग भरल्याने जमीन राखली जात नाही. सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनची वस्ती वर सरकत आली तसं 1973 मध्ये उत्तरेकडच्या शेतीच्या भागासाठी नियम झाला, की पाच एकरांमागे एकच घर. त्या वेळी तो कडक वाटला होता.

पाच एकर म्हणजे आपल्या हिशेबात दोनशे गुंठे. महाराष्ट्रात एवढ्या जमिनीवर आख्खं कुटुंब राबतं आणि जगतं, मग इथेच त्यात शेती का होऊ नये? कारण इथली पिकं मका, सोयाबीन, गहू आणि जनावरांसाठी गवत अशी आहेत. ती पेरणारी आणि काढणारी यंत्रं एवढी मोठी, की पाच एकरांत ती वळवण्यातच निम्मा वेळ जातो. शिवाय पाच एकरांची किंमत त्यातून निघणाऱ्या मक्यावरून ठरत नाही, तिथे बसणाऱ्या बंगल्यावरून ठरते. त्या भावाने जमीन घेऊन शेती परवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अशा प्लॉटबद्दल इथले शेतकरी म्हणतात, नांगरायला लहान आणि गवत कापायला मोठा. बरं, एक शेत फुटलं की शेजारचंही अवघड होतं. नव्या घरातल्या माणसाला पहाटेचा ट्रॅक्टर नको असतो, शेणखताचा वास नको असतो, अरुंद रस्त्यावर पुढे चाललेलं कापणी यंत्र नको असतं. त्यात त्याचा काही गुन्हा नाही. तो गाव पाहून आलेला असतो, गावाचा धंदा पाहून आलेला नसतो. पण त्याच्या तक्रारी वाढतात, कुंपणं वाढतात. खत-बियाण्याचा दुकानदार आणि यंत्र दुरुस्त करणारा कारागीर गिऱ्हाईक घटल्यामुळे दुसरीकडे जातात आणि दोन मैलांवरचा शेतकरीही विकायच्या गोष्टी बोलू लागतो.

विरळ वस्ती स्वस्त असते हाही एक गैरसमज आहे. अशा घरांना नळाचं पाणी नसतं आणि गटारही नसतं. स्वतःची विहीर आणि स्वतःचा सेप्टिक टँक. तिथे घर बांधता येईल की नाही हे एका साध्या चाचणीवर ठरतं, तिला इथे सगळे ‘पर्क टेस्ट’ म्हणतात. जेसीबीने चर खणतात, तळाशी छोटा खड्डा घेऊन त्यात पाणी ओततात, आधी माती पुरती भिजू देतात आणि मग घड्याळ लावून बघतात, की पाणी एक इंच खाली जायला किती वेळ लागतो. दोन मिनिटांच्या आत गेलं तर माती फारच सच्छिद्र, मैला न गाळताच भूजलात जाणार. तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर पाणी मुरतच नाही. पावसाळी दिवसांत जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, म्हणून काही जमिनींची चाचणी तेव्हाच घ्यावी लागते. चाचणीत पास झालात तरी सांडपाणी मुरवण्यासाठी किमान 10,000 चौरस फूट जागा राखून ठेवावी लागते, आजच्यासाठी आणि पहिला मुरवणभाग निकामी झाल्यावर पुढच्या दोन वेळांसाठी. हा आकडा मी गुंठ्यांत मांडला तेव्हा चकित झालो. नऊ गुंठ्यांहून थोडं जास्त! महाराष्ट्रात बागायती जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र आज दहा गुंठे आहे. म्हणजे तिकडे कायदा ज्याला शेताचा सगळ्यांत लहान तुकडा मानतो, जवळजवळ तेवढी जमीन इकडे एका विरळ घराचं सांडपाणी खाऊन टाकतं.

ते सांडपाणी तिथेच राहत नाही हा पुढचा भाग. त्यातला नायट्रोजन भूजलातून ओढ्यांत आणि ओढ्यांतून चेसापीक उपसागरात पोचतो. म्हणूनच मेरीलँड राज्याने 2012 मध्ये कायदा करून प्रत्येक काउंटीला आपल्या जमिनीची चार स्तरांत विभागणी करायला लावली. शेवटच्या स्तरात सेप्टिकवर चालणाऱ्या मोठ्या वसाहती आता करता येत नाहीत. खर्चाचं गणितही असंच उलटं आहे. शाळेची बस, बर्फ काढणारी गाडी, अग्निशमन दल यांना एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत मैलभर जावं लागतं. अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट या संस्थेने अनेक काउंट्यांचे हिशेब तपासले, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसली: राहत्या घरांकडून एक डॉलर कर आला तर त्यांच्यावर एक डॉलरपेक्षा जास्त खर्च होतो, शेतजमिनीवर मात्र अर्धा डॉलरही होत नाही. गायी शाळेत जात नाहीत, असं इथे या बाबतीत म्हटलं जातं आणि ते खरंच आहे.

1980 साली रॉयस हॅन्सन नियोजन मंडळाचे अध्यक्ष असताना काउंटीने 93,000 एकर जमीन, म्हणजे काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, शेतीसाठी राखून ठेवला. नियम झाला पंचवीस एकरांमागे एक घर. एवढंच केलं असतं तर शेतकरी रस्त्यावर आले असते आणि त्यात त्यांची चूक नसती. ज्या जमिनीच्या भरवशावर कर्ज काढलं, म्हातारपण काढायचं ठरवलं, तिची किंमत एका ठरावाने उतरवायची हा अन्याय आहे. म्हणून काउंटीने घर बांधण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढला. समजा शंभर एकरांचं शेत आहे. जुन्या नियमाने त्यावर वीस घरं बसली असती, नव्या नियमाने चारच बसतात. उरलेल्या सोळा घरांचा हक्क शेतकरी विकू शकतो. बिल्डर तो विकत घेतो आणि काउंटीने नेमून दिलेल्या, रस्ते आणि गटारं असलेल्या भागात जास्तीची घरं बांधतो. शेतकऱ्याला पैसे मिळतात, आणि त्या बदल्यात त्याच्या जमिनीवर कायमचा करार नोंदवला जातो, जो पुढच्या प्रत्येक मालकाला लागू राहतो. अशा करारांखाली आज 50 हजारांहून जास्त एकर जमीन आहे आणि तिच्यासाठीचे पैसे मुख्यतः बाजारातून आले, करदात्याच्या खिशातून नाही.

हे सगळं सुरळीत पार पडलं असं मात्र नाही. जिथे जादा घरं यायची होती तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. 1987 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुठे किती घनता वाढेल हे नुसत्या आराखड्यात लिहून चालणार नाही, ते झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं हे ठरवणाऱ्या, रीतसर कायद्यानेच ठरलं पाहिजे. काउंटीने नियम दुरुस्त केले आणि योजना पुढे चालू ठेवली. 1981 च्या आधीपासून जमीन असलेल्या मालकाला प्रत्येक मुला-मुलीसाठी एकेक जादा प्लॉट काढायची सवलत होती. ती मला रास्त वाटते, कारण शेतकऱ्याच्या मुलीला बापाच्या शेतावर घर बांधता येऊ नये असा नियम कुणाच्याच मनाला पटणार नाही. पण सवलतीचे प्लॉट काही ठिकाणी मुलांऐवजी बाजारात गेले आणि वाद झाले. दुसरी गळती तंत्रज्ञानाने झाली. पर्क टेस्टमध्ये नापास होणाऱ्या जमिनीवर वाळूचा उंच ढीग रचून त्यातून सांडपाणी मुरवण्याची पद्धत आली आणि जिथे मातीच घराला नकार देत होती तिथेही घरं उभी राहू लागली. ज्यांचा अख्खा भरवसा पर्क टेस्टवर होता त्यांना कळलं, की मातीचा स्वभाव हा काही नियोजनाला पर्याय नाही. म्हणून 2008 पासून काउंटीने पंचवीस एकरांमागचा तो शिल्लक एक हक्कसुद्धा विकत घ्यायची योजना सुरू केली.

पोटोमॅक नदीच्या पलीकडे व्हर्जिनियातली लाउडन काउंटी आहे. तिचा पश्चिम भाग म्हणजे तशीच लाल माती, तसेच दगडी बांध, तेच हवामान. तिथे तीन एकरांचे प्लॉट पाडायची मुभा कितीतरी वर्षं राहिली. 2003 मध्ये तिथल्या मंडळाने नियम कडक करून पाहिले, पण 2005 मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जाहीर नोटीस पुरेशी नव्हती म्हणून ते रद्द ठरवले. पुन्हा नियम होईपर्यंत मधे गेलेला काळ प्लॉट पाडणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. 1980 मध्ये लाउडनची लोकसंख्या 57 हजार होती, 2020 मध्ये 4 लाख 20 हजार झाली. वाढ वाईट नसते. पण माँटगोमेरीही याच काळात 5 लाख 79 हजारांवरून 10 लाख 62 हजारांवर गेली, म्हणजे तब्बल पावणेपाच लाख माणसं नव्याने सामावली गेली आणि तरी त्या 93,000 एकरांची रेषा जागच्या जागी राहिली. शेती राखली म्हणून वस्ती खुंटली, हा आरोप निदान इथे टिकत नाही.

मात्र एक आरोप मी गांभीर्याने घेतो. लोक म्हणतात, ही राखीव जमीन श्रीमंतांची खासगी बाग झाली आहे. पंचवीस एकर विकत घेऊन त्यावर राजवाडा बांधायचा, चार घोडे ठेवायचे आणि शेजारी कुणी येणार नाही याची हमी काउंटीकडून घ्यायची. इकडे शिक्षिका, नर्स, बस ड्रायव्हर यांना काउंटीत घर परवडत नाही. यात तथ्य आहे, असे राजवाडे आहेत. पण उपाय म्हणून जे सुचवलं जातं ते तपासून बघा. सगळ्या 93,000 एकरांवर पुन्हा पाच एकरांचा नियम लावला तरी फार तर 18,600 घरं होतील, आणि दहा लाखांच्या काउंटीत तेवढ्याने भाव पडणार नाहीत. शिवाय त्या घरांत राहायला नर्स जाणार नाही. विहीर, सेप्टिक, पाच एकर जमीन आणि दोन गाड्या पोसण्याची ऐपत असलेला माणूसच जाईल. नर्सचं घर मेट्रो स्टेशनजवळच्या सहा मजली इमारतीत असतं. मोठ्या प्रकल्पात काही घरं माफक किमतीची ठेवण्याची सक्ती या काउंटीने 1974 पासून केली आहे आणि तो कायदा जिथे दाटीने बांधकाम होतं तिथेच कामाला येतो.

माझा राग वेगळ्याच ठिकाणी आहे. 1980 चा करार दोन बाजूंचा होता: इथे बांधायचं नाही आणि म्हणून तिथे बांधायचं. पहिल्या अर्ध्यावर सगळ्यांचं प्रेम आहे. दुसऱ्या अर्ध्याची वेळ आली, की सभागृह विरोधकांनी भरून जातं. 2022 मध्ये 1964 च्या आराखड्याची जागा नव्या आराखड्याने घेतली, 2025 च्या उन्हाळ्यात कौन्सिलने काही मोठ्या रस्त्यांलगत जोडघरं आणि छोट्या इमारतींना परवानगी दिली, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा संघर्ष झाला. बंगल्यांच्या वस्तीत एक चार घरांची इमारत येऊ द्यायची नाही आणि रविवारी राखीव भागातल्या पूल्सव्हिलच्या शेतावर भोपळे आणायला जाऊन हिरव्या टेकड्यांचं कौतुक करायचं, हे एकत्र चालत नाही. याच काउंटीतल्या जर्मनटाउन आणि क्लार्क्सबर्गमध्ये आपली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. आपण ज्या टाउनहाउसमध्ये राहतो ती घरं कुणीतरी ‘इथे येऊ द्या’ म्हटल्यामुळेच उभी राहिली. पुढच्या माणसासाठी सुनावणीला जाऊन तेच म्हणणं हे मी आपलं कर्तव्य मानतो.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात शेताचे तुकडे पाडायला बंदी घालणारा कायदा 1947 चा आहे, म्हणजे माँटगोमेरीच्या 1980 च्या नियमाच्या तेहतीस वर्षं आधीचा. पण तो फक्त मनाई करतो. ज्याला मनाई केली त्याच्या हातात काही ठेवत नाही. त्यामुळे पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे: दहा-अकरा जणांनी मिळून सामाईक खरेदी करायची, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, प्रत्यक्षात दगड रोवून आणि चुन्याच्या रेघा मारून एक-एक गुंठा वाटून घेतलेला. रस्ता नऊ फुटी, तोही सांगण्यापुरता. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करणारा कायदा आला, तो 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या बांधकामांसाठी. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर नेली. 2025 मध्ये शहरांलगतच्या भागातल्या तुकड्यांना पुन्हा मान्यता द्यायचा निर्णय झाला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तो गुंठा घेतला त्यांची घरं नियमित झालीच पाहिजेत, त्याला माझा विरोध नाही. पण तारीख पुढे सरकत राहणार हे एजंटला आधीच माहीत असतं आणि तो त्याच बोलीवर पुढचा गुंठा विकतो.

आपल्याकडे सरासरी शेत दीड हेक्टरही नाही, तेव्हा पंचवीस एकरांचा नियम उचलून आणणं वेडेपणाचं ठरेल. उचलायचा तो बांधकामाचा हक्क वेगळा काढून त्याचे पैसे शेतकऱ्याला देण्याचा मार्ग. आणि तो आपल्याला परका मुळीच नाही. टीडीआर, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेता येणारा बांधकामाचा हक्क, हा शब्द मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून रुळला आहे. रस्त्यात जमीन गेली तर टीडीआर, मैदानाचं आरक्षण पडलं तर टीडीआर, झोपडपट्टी पुनर्वसनाला टीडीआर. फक्त मावळातल्या भातखाचराला तो कधी मिळाला नाही. ज्या खाचरांतला इंद्रायणी तांदूळ पुण्याचा माणूस नाव घेऊन विकत घेतो, त्या खाचरांच्या मालकापुढे आज दोनच पर्याय आहेत: राबत राहा, किंवा फार्महाउसवाल्याला विका.

पुणे महानगर प्रदेशाचा 2021 मध्ये जाहीर झालेला प्रारूप विकास आराखडा 2025 मध्ये रद्द झाला, म्हणजे नवा करायचाच आहे. त्यात मावळ, मुळशीची भातजमीन हक्क विकणारा भाग म्हणून दाखवावी, विकलेल्या हक्काची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कायमची घ्यावी, आणि गावातल्या वाढत्या कुटुंबांसाठी गावठाणाची हद्द मोकळ्या हाताने वाढवावी, म्हणजे स्वतःच्या पोरासाठी खोली बांधणाऱ्याला चोरासारखं बांधावं लागणार नाही. पण यातली कठीण गोष्ट गावात नाही, शहरात आहे. टीडीआरला भाव तेव्हाच येतो, जेव्हा बिल्डरला जादा बांधकामासाठी तो घेतल्यावाचून गत्यंतर नसतं. सरकारच जर प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून घेऊन हवा तेवढा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) देत राहिलं तर शेतकऱ्याच्या कागदाला गिऱ्हाईक राहत नाही. माँटगोमेरीतही जादा घरं घेणारे भाग कमी पडले तेव्हा हक्काचे भाव असेच बसले होते. मावळातल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर एजंट आज रोख रक्कम घेऊन बसलेला आहे. त्याच्या आकड्यापुढे ठेवण्याजोगा आकडा सरकारला हवा असेल, तर हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या जादा एफएसआयचा मोठा हिस्सा फक्त शेतजमिनीच्या टीडीआरसाठी राखून ठेवावा लागेल, आणि प्रीमियमच्या उत्पन्नातला तेवढा वाटा सोडायला नगरविकास खात्याला तयार व्हावं लागेल.